शहिदाच्या घरच्यांशी वाद घालायचा असेल तर

१ मे २०२५ रोजी कर्नालमध्ये लेफ्टनंट विनय नरवाल यांच्या वाढदिवसानिमित्त रक्तदान शिबिर झाले. २२ एप्रिलला पहलगाममध्ये जे २६ जण मारले गेले त्यांतले ते एक. नौदलातले अधिकारी, लग्नाला जेमतेम सहा दिवस झालेले. शिबिरात त्यांच्या पत्नीने दोन गोष्टी सांगितल्या. ज्यांनी हे केले त्यांना शिक्षा झालीच पाहिजे, ही एक. त्यापायी कुणी मुसलमानांच्या किंवा काश्मिरींच्या मागे लागू नये, ही दुसरी. पहिली गोष्ट हवेत विरली. दुसरीवरून तिच्या शिक्षणाची, जुन्या मैत्रीची, चारित्र्याची चिरफाड सुरू झाली. ती इतकी वाढली की ४ मेला राष्ट्रीय महिला आयोगाला निवेदन काढून हे गैर असल्याचे सांगावे लागले.

त्याच हल्ल्यात डोंबिवलीचे तिघे गेले होते. भागशाळा मैदानावर त्यांच्या अंत्यदर्शनाला गाव लोटला, दुसऱ्या दिवशी डोंबिवली बंद राहिली. त्या बंदमध्ये दुःख खरे होते, रागही खरा होता. म्हणूनच हे लिहायला हवे, कारण हा प्रश्न कुठल्या दूरच्या, बिघडलेल्या लोकांचा नाही. स्टेशनवर मेणबत्ती घेऊन उभे राहणारे हात आणि कर्नालच्या त्या मुलीबद्दलचा घाणेरडा फॉरवर्ड पुढे ढकलणारे हात कधीकधी एकाच माणसाचे असतात.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते: शहिदाच्या घरचे जे बोलतील ते मान खाली घालून ऐकावे, त्यावर अवाक्षर काढू नये. भावना चांगली आहे, पण ती टिकत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये बडगामला हेलिकॉप्टर कोसळून नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे गेले, तेव्हा समाजमाध्यमांवर युद्ध खेळणाऱ्यांना त्यांच्या पत्नीने थांबायला सांगितले. एवढा जोश असेल तर सैन्यात भरती व्हा, असे सुनावले. दुसरीकडे, कारगिलमध्ये पाकिस्तानच्या ताब्यात छळ होऊन मारले गेलेले कॅप्टन सौरभ कालिया यांचे वडील वर्षानुवर्षे मागणी करत आले की हे प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्या. दोन्ही घरांचे दुःख सारखेच मोठे आहे, आणि दोघांच्या अपेक्षा मात्र वेगवेगळ्या दिशांना जातात. दुःखामुळे मत बरोबर ठरत असते तर दोन्ही बाजू एकाच वेळी बरोबर ठरल्या असत्या. प्रत्यक्षात असे होते की आपल्या मताला सोयीचे कुटुंब आपण मंचावर आणतो आणि गैरसोयीच्या कुटुंबाची उणीदुणी काढतो. हे युद्ध हवे असणारे करतात, नको असणारेही करतात.

माझे म्हणणे असे आहे की घरातले माणूस गेल्यावर कुटुंब तीन वेगवेगळ्या गोष्टी बोलत असते आणि प्रत्येकीला वेगळे उत्तर द्यावे लागते. काय घडले याबद्दल ते काही सांगते, ती साक्ष. सरकारकडे काही मागते, तो हक्क. आणि देशाने पुढे काय करावे हे सांगते, ते मत. साक्ष कागदाशी ताडून पाहायची असते. हक्काचे उत्तर सरकारने द्यायचे असते, शेजाऱ्याने नव्हे. मताशी मात्र कुणीही वाद घालू शकतो, जसा इतर कोणत्याही नागरिकाशी घालतो. आपल्याकडचा सगळा घोळ या तिन्हींची सरमिसळ करण्यातून होतो. साक्ष दिली की राजकारण करता म्हणायचे, हक्क मागितला की पैशासाठी चालले आहे म्हणायचे, आणि मत दिले की थेट चारित्र्यावर यायचे.

साक्षीचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईतच आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयाजवळच्या रंगभवनच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले. त्यानंतर शहरात एक प्रश्न सर्रास विचारला जायचा: तीन मोठे अधिकारी एकाच गाडीत बसलेच कशाला? विचारण्याच्या सुरातच ठपका असायचा. कामटे पूर्व विभागाचे अपर पोलीस आयुक्त, त्यांचे कार्यक्षेत्र चेंबूरकडचे. ते दक्षिण मुंबईतल्या त्या गल्लीपर्यंत कसे आले, कुणाच्या बोलावण्यावरून आले, याचे धड उत्तर त्यांच्या पत्नीला कुणी देईना. विनिता कामटे यांनी वाद घातला नाही, अर्ज घातला. त्या रात्री नियंत्रण कक्षाशी जे बोलणे झाले त्याच्या नोंदी माहितीच्या अधिकारात मागितल्या आणि मिळवल्या. कामा रुग्णालयाच्या मागच्या बाजूने करकरे यांनी कुमक मागितली होती, रुग्णालयाला वेढा घालायला सांगितले होते, हे त्या नोंदींतून लोकांसमोर आले. ‘तिघे बेफिकीर होते’ या समजाच्या जागी ‘मागितलेली मदत वेळेवर का पोहोचली नाही’ हा प्रश्न उभा राहिला, आणि खरा प्रश्न तोच होता. कविता करकरे यांनी असाच अर्ज करून पतीच्या बुलेटप्रूफ जॅकेटबद्दल विचारले, तेव्हा ते जॅकेट सापडतच नाही हे उघड झाले. राम प्रधान यांच्या दोन सदस्यांच्या समितीने एप्रिल २००९ मध्ये अहवाल दिला होता; तो विधिमंडळासमोर यायला डिसेंबर उजाडला. ज्या गोष्टी सरकारने स्वतःहून घरी येऊन सांगायला हव्या होत्या त्या दोन विधवांना अर्ज करून काढाव्या लागल्या. मुंबईने या दोघींचे जेवढे ऋण मानायला हवे तेवढे मानलेले नाही, असे मला मनापासून वाटते.

हा मार्ग आजही खुला आहे, फक्त तो कुठे अडतो हे माहीत हवे. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयाकडे अर्ज करताना तो एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. ‘त्या रात्रीची सर्व माहिती द्या’ असा अर्ज हमखास परत येतो. तारीख, अमुक ते अमुक वेळ, कोणत्या कक्षाची कोणती नोंदवही, एवढे नेमके लिहिले तर नाकारायला जागा कमी राहते. उत्तराची मुदत ३० दिवस. नकार येतो तो बहुधा कलम ८(१)(a) खाली, म्हणजे देशाच्या सुरक्षेच्या कारणाने, किंवा तपासात अडथळा येईल म्हणून ८(१)(h) खाली. अशा वेळी कलम १० कामाला येते: गोपनीय ओळी झाकून उरलेला कागद देता येतो, आणि अपिलात हेच मागायचे असते. पहिले अपील नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत, दुसरे ९० दिवसांत. आणखी एक अडचण बहुतेकांना उशिरा कळते. भूदल, नौदल, हवाई दल या कायद्याखाली येतात. केंद्रीय राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल, राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल (एनएसजी) मात्र कलम २४ मुळे बाहेर आहेत, भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कभंगाचा आरोप असेल तेवढाच अपवाद. पुलवामात १४ फेब्रुवारी २०१९ ला जे ४० जवान गेले ते केंद्रीय राखीव पोलीस दलाचे, त्यांत आपल्या बुलढाण्याचे दोघे. ताफा रस्त्याने का नेला हे विचारायचा साधा कागदी मार्गही त्यांच्या घरच्यांना जवळजवळ बंद आहे. त्यांनी तोंडी विचारले तर त्यांना गप्प बसवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

निनाद मांडवगणे यांचे हेलिकॉप्टर पडले २७ फेब्रुवारी २०१९ ला. त्यात हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. आपल्याच क्षेपणास्त्राने ते पडले, ही मोठी चूक होती, असे हवाई दल प्रमुख भदौरिया यांनी जाहीरपणे सांगितले ते ४ ऑक्टोबरला. मधल्या सात महिन्यांत निवडणूक झाली, भाषणे झाली, त्या दिवसाच्या पराक्रमाचे पोवाडे झाले. या काळात कुणी ‘हेलिकॉप्टर कसे पडले’ म्हणून विचारले असते तर त्याला देशद्रोही म्हणायला किती लोक तयार होते ते आठवून पाहावे. प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर हवाई दलाने स्वतः दिले. चूक कबूल केल्याने हवाई दलाचे काही कमी झाले नाही, उलट चौकशीवरचा विश्वास वाढला.

आता पैशाबद्दल, कारण सर्वांत विषारी टीका तिथे असते. ‘एक कोटी मिळाले ना, मग आता काय?’ असे जो लिहितो त्याला ही रक्कम कशी तयार होते हे ठाऊक नसते. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचे अक्षय गवते ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचिनला गेले. कर्तव्यावर मृत्यू आलेल्या अग्निवीरांच्या, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेल्या जवानांच्या, पहिल्या नावांपैकी ते एक. तेव्हा लष्कराने जो हिशेब जाहीर केला तो असा: विम्याचे ४८ लाख, सानुग्रह अनुदान ४४ लाख, चार वर्षांतल्या उरलेल्या सेवेचा पगार, सेवा निधीतली जमा, आणि लढाईतील हताहतांसाठीच्या कल्याण निधीतून ८ लाख. यांतली प्रत्येक रक्कम वेगळ्या खात्यातून येते, वेगळ्या कागदावर येते, आणि एकाच दिवशी येत नाही. नियमित जवान शत्रूच्या किंवा अतिरेक्यांच्या हल्ल्यात गेला तर पत्नीला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, म्हणजे त्याच्या शेवटच्या पगाराइतके, दर महिन्याला. अग्निवीराच्या घरी असे निवृत्तिवेतन येत नाही. मे २०२५ मध्ये नियंत्रण रेषेवरच्या गोळीबारात गेलेले मुरली नाईक अग्निवीर होते. त्यांचे आईवडील घाटकोपरच्या कामराजनगरात मजुरी करून जगलेले. एकाच गोळीबारात शेजारी शेजारी पडलेल्या दोन जवानांच्या आयांना वेगळा न्याय का, असे अशा घरातून कुणी विचारले तर ते सैन्याच्या विरोधात बोलणे नाही. तो धोरणाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर संरक्षण मंत्रालयाने द्यायचे आहे. सरकारची बाजू अशी की अग्निवीराला विम्याचा हप्ता भरावा लागत नाही आणि उरलेल्या सेवेचा पगार एकरकमी दिला जातो. ती बाजूही ऐकावी. पण आठ-दहा वर्षांत एकरकमी पैसा घरबांधणीत, आजारपणात, बहिणीच्या लग्नात जातो. आई त्यानंतरही जगायची असते.

या पैशांवरून घरात फूट पडते तेव्हा तर लोकांच्या जिभेला हाड राहत नाही. कॅप्टन अंशुमन सिंह १९ जुलै २०२३ ला सियाचिनमधल्या आगीत इतरांना वाचवताना गेले. जुलै २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र मिळाले, आणि पुढच्या काही दिवसांत त्यांच्या पत्नीवर अश्लील शेरेबाजी झाली, सासू-सासऱ्यांच्या तक्रारी वाहिन्यांवर झळकल्या. ज्यांनी निवाडे दिले त्यांतल्या किती जणांना नियम माहीत होता? जवान किंवा अधिकारी भरती होताना निकटच्या नातलगाच्या रकान्यात आईवडिलांची नावे असतात. लग्नानंतर पत्नीचे नाव लागते आणि निवृत्तिवेतन तिला जाते. विम्याच्या रकमेत मात्र नामनिर्देशन करून वाटणी ठेवता येते. या प्रकरणात विम्याची रक्कम पत्नी आणि आईवडील यांच्यात निम्मी निम्मी विभागली गेली होती. म्हणजे कुणी कुणाचे लुबाडले नव्हते. म्हाताऱ्या आईवडिलांना हातात कायमचे काही राहत नाही ही त्यांची व्यथा खरी, आणि सव्विशीतल्या मुलीने तिचे आयुष्य कसे जगावे हे आपण ठरवायचे नसते हेही खरे. नोव्हेंबर २०१७ पर्यंत तर शौर्यपदकाचा मासिक भत्ता पुनर्विवाहानंतर चालू राहायला तिने दिराशीच लग्न करावे अशी अट होती! ती अट काढली गेली. लोकांच्या डोक्यातून ती निघायला वेळ लागतो आहे. लग्न झाल्यावर प्रत्येक जवानाने विम्याचे आणि भविष्य निर्वाह निधीचे नामनिर्देशन नव्याने भरले, आईवडिलांचा वाटा टक्क्यांत लिहिला, तर यातली निम्मी भांडणे होणार नाहीत. तुकडीतल्या अधिकाऱ्याने सुट्टीवरून परतलेल्या नवविवाहित जवानाला हा कागद आधी भरायला लावावा.

मताशी वाद कसा घालायचा, यालाही चांगला नमुना आहे. कालिया यांच्या वडिलांची मागणी भावनेने पाहिली तर कुणीही मान डोलवेल. पण अडचण कायद्याची आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य करताना भारताने १९७४ मध्ये राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद वगळले. ऑगस्ट १९९९ मध्ये भारताने पाकिस्तानी नौदलाचे अटलांटिक विमान पाडले, पाकिस्तान त्याच न्यायालयात गेला, आणि भारताने हीच अट पुढे करून जून २००० मध्ये तो दावा फेटाळून घेतला. तीच अट आता बाजूला ठेवली तर उद्या पाकिस्तानही त्याचा फायदा घेईल. असे कागद दाखवून मतभेद मांडणे म्हणजे त्या पित्याचा अपमान नव्हे, त्याला समान नागरिक मानणे होय. गुरमेहर कौरचे वडील कॅप्टन मनदीप सिंह ऑगस्ट १९९९ मध्ये कुपवाड्यात दहशतवाद्यांच्या हल्ल्यात गेले. तिच्या बाबांना पाकिस्तानने नव्हे, युद्धाने मारले, अशा आशयाचा तिचा फलक २०१७ मध्ये गाजला. त्यावर ‘ते दहशतवादी कुणी पाठवले होते?’ असे विचारणे रास्त होते, मीही ते विचारेन. बलात्काराच्या धमक्या हे त्या प्रश्नाचे कुठलेच रूप नव्हे.

गेलेल्या अधिकाऱ्याच्या कामावर टीका करता येते का? येते, आणि करावीही. ३१ जुलै २०२५ ला मुंबईच्या विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव स्फोट खटल्यातल्या सातही आरोपींना सोडले. सुरुवातीचा तपास करकरे प्रमुख असलेल्या दहशतवादविरोधी पथकाचा होता. मोटारसायकलमध्येच स्फोटके होती हे सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्या तपासातले दोष निकालपत्राचा परिच्छेद दाखवून मांडणारा माणूस करकरे यांचा शत्रू नाही. पण एप्रिल २०१९ मध्ये याच खटल्यात आरोपी असलेल्या भोपाळच्या भाजप उमेदवाराने आपल्या शापाने करकरे मेले असे म्हटले आणि गदारोळ झाल्यावर विधान मागे घेतले. त्याच करकरे यांच्या मृत्यूबद्दल मे २०२४ च्या प्रचारात महाराष्ट्रातल्या काँग्रेसच्या विरोधी पक्षनेत्याने ती गोळी कसाबची नव्हतीच असा दावा केला, तोही सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कसाबची शिक्षा कायम केल्यानंतर. एकाला तपास खोटा ठरवायचा होता, दुसऱ्याला खुनाचा खटला. मेलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही आणि घरचे पुन्हा त्या रात्रीत ओढले जातात. २०१९ मध्ये करकरे यांच्या कन्येने त्या विधानाला महत्त्व द्यायचेच नाही, वडिलांच्या कामाबद्दलच बोलायचे, अशी भूमिका घेतली. राजकीय पक्षांनी यातून काही शिकल्याचे दिसत नाही.

पदावरच्या माणसाची जबाबदारी तर जास्त. नोव्हेंबर २००८ च्या शेवटी बंगळुरूला, मुंबईच्या त्याच हल्ल्यात गेलेले मेजर संदीप उन्नीकृष्णन यांच्या वडिलांनी केरळच्या मुख्यमंत्र्यांना दारातून परत पाठवले. तेव्हा अच्युतानंदन म्हणाले की हे संदीपचे घर नसते तर कुत्रेही तिकडे फिरकले नसते. टीका झाल्यावर त्यांनी खेद व्यक्त केला. दारावरून परत पाठवण्याचा हक्क त्या बापाला होता. सांत्वनाला जाणाऱ्या पुढाऱ्याने आधी घरच्यांना विचारावे, कॅमेरे बाहेर ठेवावेत, आणि नको म्हटले तर निमूट फिरावे. एवढेही पाळले जात नाही.

वाहिन्यांसाठी नियम आहेत. २०१५ पासून दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपणाला मनाई आहे, ठरलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवायची. अंत्ययात्रेच्या बाबतीत मात्र काही नियम नाही. घरी अधिकारी पोहोचायच्या आत गावातल्या कुणाकडून नाव मिळवून पट्टी चालवली जाते, आणि आईला बातमी टीव्हीवरून कळते. सैन्याकडून कुटुंबाला कळवल्याची खात्री होईपर्यंत नाव द्यायचे नाही, आणि पहिले तेरा दिवस पत्नीच्या तोंडासमोर ‘पाकिस्तानला काय संदेश द्याल?’ म्हणून माइक धरायचा नाही, एवढे संपादकांनी आपसांत ठरवले तरी पुढची निम्मी मोडतोड टळेल. कारण त्या माइकसमोर निघालेले अर्धे वाक्यच नंतर आठवडाभर चघळले जाते.

धमक्या आल्या तर नातलगांनी, मित्रांनी काय करावे, हेही नेमके माहीत हवे. त्या घरातल्या माणसात तेव्हा हे करायची ताकद नसते. मजकूर पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्यावा, त्यात खात्याचे पूर्ण नाव, दुवा, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. नुसत्या कापलेल्या चित्राला न्यायालयात फार वजन नसते. ज्या फोनवर तो दिसला तो फोन फॉरमॅट करू नये. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, त्याचा एक भाग तक्रारदाराने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. निनावी धमकीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१(४), ऑनलाइन पाठलागाला ७८, स्त्रीच्या लज्जेला उद्देशून केलेल्या शेरेबाजीला ७९. मुंबईत पाच प्रादेशिक विभागांची पाच सायबर पोलीस ठाणी आहेत. जवळच्या साध्या ठाण्यातही शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. १९३० हा क्रमांक आर्थिक फसवणुकीसाठी आहे, धमकीची तक्रार त्यावर केल्याने वेळ जातो.

आणि सरकारने दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक शहीद कुटुंबासाठी, मग जवान सैन्यातला असो, अग्निवीर असो की निमलष्करी दलातला, एक नावानिशी अधिकारी वर्षभरासाठी नेमावा. सर्व रकमा, निवृत्तिवेतन, मुलांची शाळा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे कागद त्याच्याकडे. घरच्यांनी चार ठिकाणी खेटे घालू नयेत. दुसरे, चौकशी पूर्ण झाल्यावर गोपनीय भाग वगळून तिचा सारांश लेखी, त्यांच्या भाषेत, ठरलेल्या मुदतीत घरी पोहोचवावा. सहा महिने ही मुदत पुरेशी आहे. अहवाल तयार नसेल तर तसे त्याच तारखेला लेखी कळवावे आणि पुढची तारीख द्यावी.